आईच्या नावाची शिष्यवृत्ती

हे लिहू का, म्हणून मी त्या मुलीला आधी फोन केला. ती म्हणाली, "लिहा मॅडम. आता घरात सगळ्यांला सगळं माहीत हाय. फकत नावं घालू नका." मी बरं म्हटलं आणि फोन ठेवून तशीच बसून राहिले. विचारायला किती वेळ लागला? मिनिटसुद्धा नाही. तेव्हा हेच एक मिनिट मला सुचलं नव्हतं.

तर नावं नाहीत. माझंही नाही. माझं माहेर वाटूरचं, सासर जालन्याचं, आणि जालन्यातच एका ज्युनिअर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत मी निवृत्त झाले. बोलायला फटकळ. वर्गात पोरं मला घाबरायची आणि मला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू? माणूस पाहिला की मला कळतं, असं मी छातीठोकपणे सांगायची. आता कुणी तसं बोललं तर मी उठून आत जाते.

आम्ही विद्यापीठात एका वेळी एम.एस्सी.ला होतो ती सगळी मंडळी दहा-बारा वर्षांपूर्वी मोबाइलच्या ग्रुपवर गोळा झाली. आधी नुसते गुड मॉर्निंगचे गुलाब आणि नातवंडांचे फोटो. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की आपण विद्यापीठाचं काही देणं लागतो. वसतिगृहाला पाण्याचा कूलर दिला, विभागाला खुर्च्या दिल्या. शेवटी ठरलं, शिष्यवृत्ती द्यायची. ज्यानं पैसे द्यायचे त्यानं आपल्या आईवडिलांचं नाव द्यायचं, आणि आपल्याच भागातल्या, आपल्याच विद्यापीठात प्रवेश मिळालेल्या मुलाला ती मिळायची. मी माझ्या आईचं नाव दिलं.

आईबद्दल सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. मी दुसरीत होते तेव्हा वडील गेले. आईचं कपाळ मला मोकळंच आठवतं. वाटूरला संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ती मला पुढं करायची आणि स्वतः दाराशी उभी राहायची. एकदा एक नवी सून भराभर बायकांना कुंकू लावत आली. आईसमोर करंडा धरला, बोट बुडवलं, वर पाहिलं आणि "अगं बाई!" म्हणून हात मागं घेतला. चार बायका हसल्या. वाईट मनानं नाही हसल्या, गडबडून हसल्या. पण आई त्यानंतर कुणाच्या हळदीकुंकवाला दाराशीसुद्धा गेली नाही. मला विद्यापीठात पाठवलं तिनंच, लोकांच्या कापडाला फॉल-पिको करून. तिच्या नावानं एखादी पोरगी शिकली असती तर तिला केवढं बरं वाटलं असतं. म्हणून शिष्यवृत्तीची पहिली मुलगी मीच शोधणार, असा मी हट्ट धरला.

भोकरदनच्या कॉलेजातला एक प्राध्यापक माझा जुना विद्यार्थी. त्यानं हसनाबादच्या या मुलीचं नाव सुचवलं. बी.एस्सी.ला कॉलेजात पहिली, वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी.ला आमच्याच विभागात प्रवेश मिळालेला. फीचं आणि वसतिगृहाचं जमलं तर जाणार, नाहीतर नाही. "मॅडम, पोरगी सोनं आहे, फक्त बोलत नाही," असं तो म्हणाला. मी म्हटलं, बोलायचं मी बघते, पाठव.

मायलेकी सकाळच्या बसनं आल्या. मुलगी काटकुळी, डोळे मात्र असे की एकदा पाहिलेलं सोडणार नाहीत. आई साधारण माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची. साडीचा पदर गळ्यापर्यंत नीट घेतलेला, त्याला पिन. सोफ्याच्या कडेला बसलेली. आणि कपाळ मोकळं.

बस्स. मला तेवढं पुरलं. हातात काचेच्या बांगड्या होत्या, त्या मला दिसल्या नाहीत असं नाही. हल्ली घालतात सगळ्या, बरंच झालं, असं मी मनाशी म्हटलं. आडनाव तर मी वाचतच नाही. आडनावावरून माणूस ओळखायचा नाही हा माझा बाणा, वर्गातसुद्धा मी हजेरी नुसत्या नावानं घ्यायची. एवढा मोठा बाणा बाळगला आणि मोकळं कपाळ मात्र झटकन वाचलं.

"घरचं सगळं तुम्ही एकट्याच बघता?" मी विचारलं.

"हां मॅडम. एकटीच ऱ्हाते. ही अन् हिचा भाऊ, अन् मी. रोजानं जाते लोकाच्यात."

झालं! केव्हा गेले, कशानं गेले, हे विचारणं मला बरं वाटलं नाही. पाहुण्या बाईची जखम कशाला उकरायची? मी पोहे केले, चहा केला. चहा झाल्यावर ती उठली आणि कप उचलून म्हणाली, "मी इसळते." मी म्हटलं, "अहो ठेवा, बाई येते भांड्याला." ती ऐकेना. स्वयंपाकघरात जाऊन दोघींचे कप विसळू लागली. किती संकोची आहे बिचारी, असं मला वाटलं.

तेवढ्यात मुलीनं माझ्यासमोर टेबलावर फॉर्म भरला. अक्षर मोत्यासारखं. मी चष्मा लावून वाचायला घेतला. वडिलांच्या नावाच्या रकान्यात तिनं नुसतं नाव लिहिलं होतं. आधी कै. नव्हतं. मीही शाळेत कितीतरी वर्षं कै. लिहीत नव्हते, बाई रागवायच्या तरी लिहीत नव्हते. मी काही न बोलता टेबलावरचं पेन उचललं आणि त्या नावाच्या आधी, समासात, बारीक अक्षरात कै. लिहिलं. फॉर्म तिच्यासमोरच होता. तिनं एकदा माझ्या हाताकडं पाहिलं, एकदा स्वयंपाकघराच्या दाराकडं, आणि मान खाली घातली. मला वाटलं, पोरीला भरून आलं. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. पाठ ताठ होती.

निघताना दोघी चपला घालायला दाराशी गेल्या. आमच्या घरची रीत, बाई दाराबाहेर पडायच्या आधी तिला हळदकुंकू लावायचं. करंडा देवघराच्या फळीवरच असतो. सवयीनं मी तो उचलला, वळले, आणि तिच्या कपाळावर नजर गेली. वाटूरची ती सून आठवली. मी करंडा हळूच परत फळीवर ठेवला. आवाज होऊ दिला नाही. तिच्या हातात ब्लाउजपीस आणि मुलीच्या हातात एक पेन दिलं. त्या गेल्यावर मला स्वतःचं केवढं कौतुक वाटलं! आईला झालं ते मी या बाईला होऊ दिलं नाही, असं वाटलं.

त्याच दुपारी मी शिफारसपत्र लिहायला बसले. आमच्या ग्रुपची तऱ्हा मला माहीत होती. एका मुलीला मार्क चांगले आहेत, एवढ्यानं तिथं कुणाचा अंगठा वर होत नाही. दुसरा एक मुलगा रांगेत होता, त्याची शिफारस आमच्या खजिनदारानं केली होती. हा खजिनदार म्हणजे आमच्याच वर्गातला, पुढं बांधकामात गेलेला, मनानं चांगला पण सगळ्याचा सोहळा करणारा माणूस. त्याच्या मुलापेक्षा माझी मुलगी वर यायला हवी होती. मग मी हात मोकळा सोडला. बापाचं छत्र हरपलं, माऊलीनं रोजंदारी करून पोरीला वाढवलं, एकाही रविवारी तिला विसावा नाही, असं काय काय लिहिलं. लिहिताना मी रडले. रडत होते ते माझ्या आईसाठी, पत्र मात्र दुसऱ्याच बाईचं होतं.

त्या पत्राला फॉर्म आणि दाखले मीच टाचले. उत्पन्नाचा दाखला वडिलांच्या नावाचा होता. जिवंत माणसाच्या नावाचा, त्याच वर्षीचा, तहसीलच्या शिक्क्याचा. माझ्या हातांनी मी तो पालथा घालून टाचला. पोरांच्या जर्नलमधली एका पाकळीची चूक मला वर्गाच्या दुसऱ्या टोकावरून दिसायची, हो! आणि तो दाखला डोळ्यासमोर असून वाचला नाही.

ग्रुपवर पत्र गेलं आणि रडक्या चेहऱ्यांची नुसती रांग लागली. मुलगी एकमतानं पक्की. मी तिला फोन केला. ती "थँक्यू मॅडम" म्हणाली आणि थोडं थांबून म्हणाली, "मॅडम, ते फॉर्मवरलं कुणाला दिसतं का?" मला वाटलं, गरिबी दिसेल म्हणून लाजतेय. मी म्हटलं, "अगं वेडे, फॉर्म फाइलला जातो. तू बॅग भर."

पण आमच्या खजिनदाराची एक पद्धत होती. ज्या मुलाला शिष्यवृत्ती मिळेल त्याच्या गावात फाट्यावर फ्लेक्स लावायचा. मधे मुलाचा मोठा फोटो, वर ज्यांच्या नावानं शिष्यवृत्ती त्यांचा फोटो, खाली आम्हा देणगीदारांची डोकी गोल गोल चकत्यांत. गावातल्या बाकीच्या पोरांना स्फूर्ती मिळते म्हणे. मला ते आवडायचं नाही, पण माझ्या आईचा फोटो एवढा मोठा होऊन रस्त्यावर लागणार, या मोहाला मी भुलले. मजकूर त्यानं माझ्याच पत्रातून घेतला आणि पाठवून विचारला, "बराबर आहे ना?" मी आईचा फोटो तेवढा नीट बघितला आणि लिहिलं, "छान."

फ्लेक्स लागल्याच्या तिसऱ्या दिवशी दुपारी माझ्या दारात एक माणूस उभा राहिला. पन्नाशीचा, उन्हानं रापलेला, पांढरा शर्ट इस्त्रीचा, नखांच्या कडांना सिमेंट बसलेलं. काखेत मोठी गुंडाळी. मला वाटलं कुणी पडदेवाला असेल. मी दारातूनच विचारलं, "कोण पाहिजे?"

त्यांनी मुलीचं नाव सांगितलं आणि म्हणाले, "तिचा बाप."

मला ऐकूनही कळेना. मी म्हटलं, "कोण?"

"बाप तिचा. आत येऊ का?"

ते आत आले, बसले नाहीत. गुंडाळी जमिनीवर ठेवून दोन्ही हातांनी उलगडली. माझ्या हॉलभर माझी आई, ती मुलगी आणि आमची गोल डोकी पसरली. त्यांनी वाकून एका ओळीवर बोट ठेवलं. तिथं त्यांचं नाव होतं, आधी कै. आणि पुढं 'यांच्या पश्चात'.

"चार डाव वाचलं मी, बाई. माझंच नाव हाय," ते म्हणाले. "पोरीला होस्टेलवर सोडायचं म्हणून सुट्टी काढून आल्तो. फाट्यावर बसमधून उतरलो, तर हॉटेलावरली पोरं म्हणली, काका, तुम्ही तर गेल्ते ना? समदे हसले. मंग मला दावलं."

ते सावकाश बोलत होते. आवाज चढला असता तर मला बरं वाटलं असतं.

"मी पुण्याला गेल्तो, बाई. गवंडीकाम करतो. दुसरीकडं कुठं न्हाई गेलो."

मी काहीतरी बोलले. गैरसमज झाला, तुमच्या मंडळींच्या कपाळाला कुंकू नव्हतं म्हणून, असं मी खरंच बोलून गेले. ते माझ्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "आमच्यात लावत न्हाईत. आम्ही बौद्ध. माझ्या मायनंबी न्हाई लावलं कव्हा."

मी पाणी दिलं, ते प्यायले. चहा नको म्हणाले. मी हात जोडले, पुन्हा पुन्हा सांगितलं की चूक माझी आहे, पोरीचं शिक्षण यापायी थांबवू नका, प्रवेशाची मुदत थोडीच उरली आहे. त्यावर ते एवढंच बोलले, "मी कशाला थांबवू? शिकायचं का न्हाई ते तिचं ती बघंल. मी फकत सांगाया आलो, का मी हाय." फ्लेक्स तिथंच सोडून ते गेले. गुंडाळायला मला अर्धा तास लागला, कारण आईच्या चेहऱ्यावर पाय देववत नव्हता.

खजिनदाराला फोन लावला. तो आधी हादरला, मग लगेच सावरून म्हणाला, "घाबरू नको, दुरुस्तीचा फ्लेक्स लावू. तिच्या वडिलांचा फोटो टाकू मोठा, सत्कार करू, शाल देऊ." मी त्याला नको नको ते बोलले. आजवर कुणाला बोलले नसेन असं बोलले. तोही चिडला. "पत्र तूच लिहिलंस ना? मी फक्त छापलं," म्हणाला. बरोबरच होतं त्याचं.

आणि इथून पुढचं मला सगळ्यात जड जातं. कै. लिहिणं ही चूक होती, ठीक, चुकून झाली. पण त्यानंतर मी आठ दिवस हसनाबादला गेले नाही, ती काही चूक नव्हे. तो भेकडपणा होता. मुलीचा फोन बंद लागायचा. मी रोज सकाळी ठरवायची, आज जायचं. मग वाटायचं, एकटीनं कसं जायचं, त्या प्राध्यापकाला बरोबर घेऊ. तो म्हणाला, परीक्षेची ड्युटी आहे, रविवारी जाऊ. रविवारी त्याला पाहुणे आले. मलाही ते बरंच वाटलं, हे आता कबूल करते. फाट्यावरची हॉटेलवाली पोरं मला ओळखतील, त्या फ्लेक्सवर माझंही डोकं होतं, याची मला भीती वाटत होती. त्या आठ दिवसांत प्रवेश पक्का करायची मुदत संपून गेली. मुलगी गेलीच नव्हती. खजिनदारानं कळवलं, पैसा पडून कशाला ठेवायचा, दुसऱ्या मुलाला दिला. माझ्या आईचं नाव त्याच्या पावतीवर लागलं.

मग मी गेले. एकटीच, बसनं. आधीही जाता आलंच असतं की.

घर साधं, सिमेंटचं, दारात सारवलेलं. कोनाड्यात पांढरी बुद्धमूर्ती, तिच्यापुढं मेणबत्ती आणि ताजी फुलं. खुंटीला नवी कोरी बॅग टांगलेली, चेनला दुकानाचा कागद तसाच लटकलेला. बापानं पुण्याहून होस्टेलसाठी आणलेली. ते स्वतः परत कामावर गेले होते. मुलगी जालन्याला एका बियाण्याच्या कंपनीत मुलाखतीला गेली होती आणि येतच होती. आईनं चहा टाकला.

मी माफी मागितली. ती घासलेली पातेली पुन्हा घासत ऐकत होती. "तुमच्या मनात वाईट नव्हतं, मॅडम," म्हणाली. "मला वाचता येत न्हाई. पोरीचा एवढाला फोटो बघून मीच खुश झाल्ते. शेजारणीला नेऊन दाखवला."

मी म्हटलं, "तुम्हाला एक विचारायचं राहून गेलं. तेवढं विचारलं असतं तर…"

"मलाबी वाटलं, इचारतील." ती पहिल्यांदा माझ्याकडं सरळ बघून बोलली. "निघताना तुम्ही करंडा उचलला, बराबर? मी मनात म्हणून राह्यले, आता सांगावं, मॅडम, आमच्यात लावत न्हाईत. तोंडावर आल्तं माझ्या. तर तुम्ही ठेवला की वापस. मंग मी समजले."

"काय समजलात?"

"आडनाव वाचलं असंल फॉर्मावर," ती म्हणाली. "वाईट वाटलं. पण मी म्हणलं, जाऊ दे, आपल्याला काय, पोरीचं काम होतंय ना. कप इसळून ठेवला ते बरं झालं, असंबी वाटलं."

मी चहाचा कप हातात धरून बसले. काय सांगणार? की अहो, मी तुमचा विटाळ मानला नाही, मी तुम्हाला विधवा मानलं? त्या घरात बसून हे मोठं समाधान मी कुणाला देणार होते? माझ्या आईच्या कपाळावरून मागं घेतलेला हात मी आयुष्यभर विसरले नाही, आणि माझ्या दारात माझ्याच हातानं दुसऱ्या बाईच्या वाट्याला तेच आलं. तरीही मी सांगितलं, आईचं, वाटूरचं, सगळं. ती ऐकून म्हणाली, "असं होय." विश्वास बसला का नाही, मला आजही सांगता येणार नाही.

मुलगी आली ती मला पाहून दारातच थांबली. बियाण्याच्या कंपनीत काम मिळालं होतं, उगवण तपासायच्या विभागात. ओल्या कागदावर दाणे मांडायचे आणि किती उगवले ते रोज बघायचं. आई म्हणाली, "मॅडमला फाट्यापस्तोर सोडून ये, जल्दी जा, बस यायची."

वाटेत मी बोलतच राहिले. पुढच्या वर्षी जा, पैसे मी एकटी देते, ग्रुप नको, फ्लेक्स नको, कुणाला कळणार नाही. ती माझ्यापुढं दोन पावलं चालत होती. फाट्यावर आलो. दोन बांबू तसेच रोवलेले होते, मधे सुतळीची टोकं. हॉटेलवरच्या पोरांनी आमच्याकडं पाहिलं आणि मान वळवली.

"वडील नाही म्हणाले का?" मी विचारलं.

"न्हाई. अण्णा तर म्हणले, जा. बॅगबी त्यांनीच पुन्हा काढून दिली. मीच न्हाई गेले."

"अगं पण का? तुझा काय दोष यात?"

ती बांबूकडं बघत म्हणाली, "मॅडम, तुम्ही ते कै. लिहिलं ना, तव्हा मी बघून राह्यले होते. माय आत कप धूत होती. मला वाटलं बोलावं. मंग वाटलं, असंच लिहावं लागत असंल, त्याच्याबिगर मिळत नसंल. तुम्ही एवढ्या मोठ्या, तुम्ही लिहिलं म्हणजे बराबर असंल. मी गप बसले." तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "मी माझ्या अण्णांला मरू दिलं, मॅडम. फीसाठी. त्या पैशानं मी कशी शिकू?"

लांबून बस दिसली. तिनं घाईनं माझा दंड धरला. तिनं मला आपणहून हात लावला तो तेवढाच.

"अण्णांला हे माहीत न्हाई. त्यांला वाटतं, सारं तुम्हीच केलं, तुमच्यावर लई चिडून हायेत. तसंच ऱ्हाऊ द्या, मॅडम. त्यांला सांगू नका. एवढं माझ्यासाठी करा."

मी मान डोलवली. वडिलांना तिनं स्वतः सांगितलं ते फार पुढं, आणि ते काय म्हणाले हे मी तिला विचारलं नाही. पण त्या दिवशी माझ्या आईच्या नावानं त्या पोरीला देता आलं ते एवढंच होतं, आणि ते मी दिलं. बस थांबली तशी ती माझी पिशवी घेऊन पुढं झाली, दाराशी गर्दीत तिनं माझ्यासाठी वाट केली आणि म्हणाली, "बसा मॅडम, जल्दी बसा. जागा हाय खिडकीला."